केकचा राजवाडा

आमच्या बालपणी वाढदिवस म्हणजे औक्षण, नवा सदरा आणि वाटीभर खीर. केक ही वस्तू घरात आली ती पुढच्या पिढीबरोबर. आता मात्र तिने असे काही ठाण मांडले आहे की, नातीच्या पाचव्या वाढदिवशी आमच्या घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. नातीचा हट्ट होता : केक हवा तो राजवाड्यासारखा, सात मजली!

इंदूरकरांना राजवाड्याची ओळख करून देणे नको. आमच्या मनात धास्ती होती ती निराळीच. गेल्या वर्षी सूनबाईंनी चार थरांचा केक केला होता. पाहुण्यांना तो येताक्षणीच दिसला पाहिजे, असे म्हणून आम्हीच पाच वाजता तो फ्रिजमधून काढावयास लावला. मे महिन्यातली संध्याकाळ! तासाभरात क्रीम पाझरू लागले आणि मेणबत्त्या लावण्यापूर्वीच वरचे दोन थर सावकाश घसरून मेजावर आले. पोर रडली नाही. नुसती आमच्याकडे पाहत राहिली. ती नजर वर्षभर आम्हांला विसरता आली नाही.

या खेपेस सूनबाईंनी सजावटीआधी बांधणीचा विचार केला. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी आहेत, असे आम्ही सांगताच त्या हसून म्हणाल्या, "बाबा, केकचेही तसेच करायचे आहे." दीड-दीड इंचाचे सात थर भाजून गार केले. त्यांचे फुगलेले माथे सुरीने सपाट कापले, कारण तळाशी राहिलेला तिरपेपणा वर जाता जाता वाढतच जातो. खालच्या तीन थरांत सरबताच्या जाड नळ्या, त्या थरांच्या उंचीइतक्याच कापून, उभ्या खोवल्या. त्यांवर पुठ्ठ्याची चकती आणि चकतीवर वरचे चार थर. भार पेलायचा तो नळ्यांनी, मऊ केकने नव्हे.

फेटलेल्या क्रीमऐवजी लोण्यात दुप्पट पिठीसाखर घालून ते फेटून घेतले. त्याचा पहिला हात अगदी पातळ, केकचे सुटे कण जागच्या जागी बसवण्यापुरता. तो फ्रिजमध्ये घट्ट झाल्यावर मग दुसरा. (भिंतीलाही आधी गिलावा, मग रंग!) लोण्यालाही मे महिना मानवत नाहीच. शिवाय १२ इंच उंचीचा केक फ्रिजमध्ये मावेना. तेव्हा दोन्ही भाग निरनिराळे ठेवून पाहुणे जमल्यावरच एकावर एक चढवायचे ठरले.

खालचे मजले फिकट, वरचे कोकोने तपकिरी. चॉकलेटच्या पट्ट्यांच्या खिडक्या झाल्या, बिस्किटाचा दरवाजा झाला. दरवाजावरचे लोखंडी खिळे म्हणून चंदेरी साखरगोळ्या नातीने स्वतः एकेक करून दाबून बसवल्या. आम्ही मदतीस पुढे सरसावलो, तोच ऐकू आले, "आजोबा, तुम्ही नुसते बघा."

आम्ही नुसते बघत राहिलो. औक्षण झाले, मेणबत्त्या लागल्या, आणि राजवाडा रेसभरही कलला नाही. चार मजले पुठ्ठ्यासकट अलगद उतरवून कापाकापी सुरू झाली. दरवाजाला मात्र नातीने कोणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडून तो तिने बशीत घातला आणि आमच्या हाती दिला.