येव्हरिंगची सरळ रेषा: सूर्याकडे की पूर्वजांकडे?

इंग्लंडच्या उत्तरेस, नॉर्थम्बरलँडमधील ग्लेन नदीच्या काठी येव्हरिंग हे ठिकाण आहे. १९४९ साली विमानातून टिपलेल्या छायाचित्रांत तेथील उभ्या पिकात लांबट आयताकृती खुणा उमटलेल्या दिसल्या. ब्रायन होप-टेलर यांनी १९५२पासून केलेल्या उत्खननात तेथे सातव्या शतकातील अँग्लो-सॅक्सन राजांचे निवासस्थान उजेडात आले. पॉलिनस या धर्मगुरूने एडविन राजाच्या काळात येथेच ३६ दिवस बाप्तिस्मे दिल्याचे बीड या मठवासी इतिहासकाराने नोंदविले आहे.

इमारती लाकडी असल्याने उरले ते मातीतील डागच. मात्र भव्य सभागृहे एकाच, साधारण पूर्व-पश्चिम रेषेवर उभारलेली होती. मग ही रेषा सूर्योदयाची मानावी काय?

मोह होण्याजोगा प्रश्न आहे. १९७३ साली वेल्स आणि ग्रीन यांनी असे सुचविले होते, की अँग्लो-सॅक्सन थडगी त्या-त्या दिवसाच्या सूर्योदयाकडे रोखलेली असावीत. म्हणजे थडग्याच्या दिशेवरून दफनाचा ऋतू सांगता येईल. अडचण अक्षांशाची आहे. मुंबईत वर्षभरात सूर्योदयाचा बिंदू क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकतो. येव्हरिंगला मात्र जवळजवळ ९०. इतक्या ऐसपैस कमानीत पूर्वेकडे ढोबळमानाने वळलेले कोणतेही थडगे कोणत्या तरी दिवसाच्या सूर्याशी जुळणारच! शिवाय क्षितिजावरच्या टेकड्या एक अंश उंच असल्या, तरी विषुवदिनी तेथे सूर्य सुमारे दीड अंश दक्षिणेकडे उगवताना दिसतो.

या लोकांना आकाशाचे भान नव्हते, असे मुळीच नाही. ख्रिस्तपूर्व धर्मातील इंग्रजांचे वर्ष २५ डिसेंबरला सुरू होई आणि हिवाळा ऑक्टोबरमधील पौर्णिमेपासून मोजला जाई, असे बीडनेच ७२५ साली लिहिले. परंतु पंचांग माहीत असणे वेगळे आणि इमारत सूर्याला जोखून बांधणे वेगळे.

येव्हरिंगच्या रेषेचा दुवा जमिनीवरच सापडतो. पूर्वेला आणि पश्चिमेला तेव्हाही प्राचीन असलेली वर्तुळाकार प्रागैतिहासिक स्मारके होती. नव्या राजांनी तेथे खांब रोवले. भोवती दफने झाली. जुन्या मृतांच्या शेजारी बसून आपली सत्ता पुरातन असल्याचे भासविण्याचा हा खटाटोप असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

याच रेषेवर, एका सभागृहाच्या उंबरठ्याशी, एका व्यक्तीचे थडगे आढळले. पायाशी बकऱ्याची कवटी होती. गेफ्रिन या स्थळनामाचा अर्थही ‘बकऱ्यांची टेकडी’. सोबत धातूने मढविलेली एक लाकडी काठी होती. होप-टेलर यांना तिच्यात रोमन भूमापकांच्या उपकरणाचे साम्य दिसले. तसे असल्यास ती रेषा आखणाराच तिच्यावर पुरलेला असू शकतो.