नीट पुन्हा देताना: अभ्यासाबरोबर कागदही नव्याने तपासा

नीटचा निकाल लागला, एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकली, आता आणखी एक वर्ष द्यायचे का? मुळशी तालुक्यातील चांदे, नांदे आणि हिंजवडीच्या आसपास राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतून हा प्रश्न दरवर्षी येतो. आई धुणीभांडी करते, वडील कंपनीत कंत्राटी कामगार आहेत, अशा घरात एक वर्ष म्हणजे क्लासची फी, खोलीभाडे आणि बुडालेली एक कमाई. म्हणून हे वर्ष नीट विचार करूनच घ्यावे.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की दुसऱ्या प्रयत्नात दोन कामे असतात. एक अभ्यासाचे आणि दुसरे कागदांचे. अभ्यासाचे काम विद्यार्थ्याने करायचे, कागदांचे घरच्यांनी. गुण असूनही केवळ कागद वेळेवर नाही म्हणून जागा जाणे, यासारखे दुसरे दुःख नाही.

आधी नियम समजून घ्या

मागच्या वर्षीचे नीटचे गुण भारतातील प्रवेशासाठी यंदा चालत नाहीत. परीक्षा नव्याने द्यावी लागते, अर्जही नव्याने भरावा लागतो. किती वेळा परीक्षा द्यावी याला मर्यादा नाही. कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढून टाकली. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून ४० टक्के गुण लागतात. ते कमी असतील तर आधी श्रेणीसुधार परीक्षा द्यावी.

निकालपत्रावर ‘पात्र’ लिहिले म्हणजे प्रवेश पक्का, असा अनेक पालकांचा समज असतो. आपल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा ४० पर्सेंटाइलची आहे. शासकीय महाविद्यालयाची जागा मात्र त्याहून पुष्कळ वर सुरू होते. राज्याचा सीईटी कक्ष प्रत्येक फेरीची यादी प्रसिद्ध करतो. पुण्याचे बी. जे. असो की बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथे अनुसूचित जातीच्या शेवटच्या विद्यार्थ्याला किती गुण होते ते त्या यादीत पाहा आणि आपले गुण शेजारी ठेवा. अंतर भरून निघण्यासारखे असेल तर वर्ष द्यावे. फार मोठे असेल तर बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस याच गुणांवर मिळू शकतात. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी असते. यांतली कोणतीही वाट कमी दर्जाची नाही.

गुण कुठे गेले?

एकूण गुण ७२०, प्रश्न १८०. त्यांतले ९० एकट्या जीवशास्त्राचे, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. म्हणजे येत असलेला प्रश्न घाईत चुकला तर ५ गुणांचा फरक पडतो. मागच्या वर्षीची उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची समोर ठेवून तीन रकाने करा: अजिबात आले नाही, येत होते पण चुकले, वेळ पुरला नाही. पहिला रकाना भरला असेल तर शिकवणी हवी. दुसरा आणि तिसरा भरला असेल तर सराव परीक्षा हव्यात. तीच वही, तोच क्लास, तीच पद्धत पुन्हा धरली तर निकालही बहुधा तोच लागतो.

फीसाठी कर्ज काढण्याआधी पुण्यातील बार्टीच्या जाहिराती पाहा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत प्रशिक्षणाच्या योजना तिथून निघतात.

कागदांची पिशवी उघडा

आपल्या समाजासाठी सर्वांत महत्त्वाचा कागद जातीचा दाखला. १९५६ नंतर आपल्या आजोबा-पणजोबांनी शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लिहिले. केंद्राच्या यादीत मात्र बौद्ध धर्मांतरितांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला, आणि तो मूळ जातीच्या आधारे मिळतो. त्यामुळे नुसते ‘नवबौद्ध’ लिहिलेला जुना दाखला केंद्राच्या कामी अडतो. दाखल्यावर मूळ अनुसूचित जात आणि बौद्ध धर्म, दोन्ही नमूद आहेत का ते पाहा.

राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. दोन्ही वेगळे आहेत. दोन्ही हाताशी ठेवा.

जात वैधता एकदा मिळाली की ती कायमची असते. मिळाली नसेल तर निकालाची वाट न पाहता आजच अर्ज करा. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा किंवा रहिवासाचा पुरावा, वंशावळ आणि शपथपत्र लागते. आजोबांच्या शाळेचा उतारा, जन्म-मृत्यू नोंद, जमिनीचा जुना कागद शोधा. वडील, काका, आत्या यांपैकी कोणाची वैधता झाली असेल तर त्याची प्रत जोडा, काम बरेच सोपे होते.

चांद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे काम पौडचे तहसील आणि मावळ-मुळशी प्रांत कार्यालयामार्फत होते. पण सोलापूर, लातूर, नांदेडहून कामासाठी इकडे आलेल्या कुटुंबांचा दाखला सामान्यतः मूळ गावच्या प्रांत कार्यालयातून निघतो, आणि वैधताही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होते. गावी दोन-तीन हेलपाटे धरूनच चालावे.

बाकीचे कागद असे: वय-अधिवास दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार. सर्वांवरील नाव आणि जन्मतारीख जुळते का ते अक्षर अन् अक्षर पाहा. मागच्या अर्जाची प्रत न उतरवता फोटो, पत्ता, मोबाईल क्रमांक आणि प्रवर्ग पुन्हा तपासून भरा. मधल्या वर्षाबद्दल प्रवेशावेळी प्रतिज्ञापत्र मागितले जाऊ शकते. उत्पन्नाचा दाखला मुदतीतला हवा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटीवर शिष्यवृत्ती, त्याहून अधिक असेल तर फ्रीशिप. अनुसूचित जातीला नॉन-क्रिमिलेअर लागत नाही, कोणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

हातातली जागा सोडताना

काही जण दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन पुन्हा नीट देतात. तसे करण्यापूर्वी प्रवेश रद्द करण्याची तारीख, दंड आणि मूळ कागद केव्हा परत मिळतील हे माहितीपुस्तिकेत वाचा. ऑल इंडिया कोट्याच्या अखेरच्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर डिपॉझिट जप्त होऊन पुढच्या नीटलाही बसता येत नाही, असा नियम अलीकडे लावला जातो.

मन आणि शरीर

या वर्षात मुले एकटी पडतात. सोबतचे कॉलेजला जातात आणि हे घरात पुस्तक घेऊन बसतात. सात तास झोप, वेळेवर जेवण आणि रोज अर्धा तास चालणे यांत कपात करू नका. झोप तोडून केलेले पाठांतर परीक्षेत टिकत नाही. झोप उडणे, जेवण सुटणे, ‘माझ्यामुळे घर बुडाले’ असे बोलणे दिसले तर ते नाटक समजू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते. घरच्यांनी शेजारच्या मुलाशी तुलना करू नये, आणि जास्तीत जास्त किती प्रयत्न करायचे ते आधीच एकत्र बसून ठरवावे.

बाबासाहेबांची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पैसे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितला, तेव्हा निष्कर्षाला धक्का न लावता त्यांनी तो नव्याने मांडला आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. परत आलेले काम दुरुस्त करून पुन्हा देण्यात कमीपणा नाही, हे आपल्या घरातल्या मुलामुलींना आपणच सांगायला हवे.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. अकरावी-बारावीतल्या प्रत्येक मुलाचे कागद एकमेकांना दाखवा. ज्यांची वैधता झाली आहे त्यांनी इतरांना वाट दाखवावी. आपल्या वस्तीतून एक डॉक्टर घडतो, त्यामागे असे अनेक हात असतात.

जय भीम!