शेवटच्या किकचे ओझे



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला, की तो बोनस, महागाई किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी मात्र विषय घेतला आहे अमेरिकेतील कॉलेजांच्या फुटबॉलमधील किकरचा. या गृहस्थाचा आणि त्या खेळाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की अनेकांच्या कामाचा शेवट एकाच माणसाकडून व्हावयाचा असतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालते आणि काम बिघडल्यावर लोक त्याला कसे वागवतात, हा माझ्या धंद्यातला रोजचा प्रश्न आहे. त्या खेळात तो उघड्या मैदानावर, घड्याळ लावून दिसतो.

प्रथम खेळ समजावून घेऊ. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. अकराजणांनी समोरच्या अकराजणांना रेटीत पुढे सरकावयाचे. दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चेंडू पलीकडच्या हद्दीत नेला तर सहा गुण. तेथवर पोचणे जमत नाही असे दिसले, की किकरला हाक येते. त्याने चेंडू दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून धाडला तर तीन गुण. खांबांमधले अंतर साडेअठरा फूट, दांडीची उंची दहा फूट. एक गडी आपल्या पायांमधून चेंडू सात-आठ यार्ड मागे फेकतो, दुसरा गुडघा टेकून तो झेलतो आणि जमिनीवर टोकावर उभा धरतो, तिसरा धावत येऊन मारतो. या साऱ्याला सव्वा ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात प्रतिपक्ष अंगावर येत असतो.

आता या किकरची स्थिती पाहा. बाकीचे गडी चिखलात लोळतात, चुकतात, आणि अर्ध्या मिनिटात दुसऱ्या डावाला उभे राहतात. चूक विसरावयास त्यांना पुढचे काम मिळते. किकर तासन् तास कडेला उभा. फार तर तेथल्या जाळीत चेंडू मारीत अंग गरम ठेवतो. खांबांवर नेम धरण्याची पाळी सामन्यात दोन-चार वेळा येते, एखादे दिवशी येतही नाही. एकदा चुकला, तर ती चूक पुसण्याची संधी कदाचित पुढच्या आठवड्यात. आणि पाळी येते तीही पुष्कळदा दोन-तीन सेकंद उरलेले असताना. शिवाय प्रतिपक्षाचा शिक्षक मुद्दाम खेळ थांबवून त्याला ताटकळत ठेवतो, म्हणजे मनात शंका शिरावी. या युक्तीचा खरोखर किती उपयोग होतो, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण युक्ती सर्रास वापरली जाते.

सरावात चाळीस यार्डांवरून सहज मारणारा तरुण सामन्यात पंचवीस यार्डांवरून का चुकतो? ‘भित्रा आहे’ असे म्हणून लोक मोकळे होतात. शास्त्र निराळे सांगते. रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की दडपणाखाली माणूस स्वतःच्या हालचालींवर पहारा करू लागतो, आणि अंगवळणी पडलेले काम त्या पहाऱ्यानेच बिघडते. सायन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फुटबॉलच्या (आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या) खेळाडूंना चेंडू पायाने खेळवीत न्यावयास सांगितले, आणि आपल्या पायाचा कोणता भाग चेंडूला लागतो तिकडे लक्ष ठेवावयास लावले. नवशिक्यांचे काम सुधारले. मुरलेले खेळाडू उजव्या, म्हणजे तयार पायाने खेळताना मंदावले.

हे समजण्यास प्रयोगशाळा पाहिजेच असे नाही. मागावरचा विणकर तुटलेला धागा क्षणात गाठतो. त्याला विचारा, ‘आधी अंगठा फिरतो की तर्जनी?’ तो विचार करू लागेल आणि गाठ चुकेल. वीस वर्षांचे ज्ञान बोटांत असते; ते डोक्याने परत मागितले की बोटे आखडतात. किकरचा पायही असाच आखडतो. त्यात ‘आपण चुकलो तर?’ ही काळजी भर घालते, कारण ती मनाची जागा अडवून बसते. म्हणजे दोष हिमतीचा नव्हे, आणि ‘अरे, नीट लक्ष दे!’ हा उपदेश तर रोगाहून वाईट.

मग उपाय काय? जाणते किकर प्रत्येक वेळी क्रम तोच ठेवतात. ठरलेली पावले मागे, ठरलेली बाजूला, एक दीर्घ श्वास, खांबांपलीकडची एखादी खूण नजरेत धरावयाची, आणि मग मारावयाचे. मनाला धरावयास काही दिले म्हणजे ते पायावर पहारा करीत नाही. दुसरा उपाय दडपणाचाच सराव. सरावाच्या वेळी कर्ण्यांवरून गर्दीचा गोंगाट लावतात, सारा संघ भोवती उभा राहून आरडाओरडा करतो. २००१ मध्ये बायलॉक आणि थॉमस कार यांनी दाखविले, की शिकतानाच कोणी पाहत असल्याची सवय झालेला माणूस पुढे दडपणात कमी ढासळतो.

येथवरचा भाग किकरचा झाला. आता आपला, म्हणजे पाहणाऱ्यांचा.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी रीनो येथे बॉइसी स्टेट आणि नेवाडा या विद्यापीठांचा सामना झाला. बॉइसी स्टेटने सलग चोवीस सामने जिंकले होते. मध्यंतराला ते २४–७ असे पुढे होते. मग आघाडी वितळली आणि शेवटी ३१–३१ अशी बरोबरी झाली. दोन सेकंद उरले असताना काइल ब्रॉट्झमन हा किकर २६ यार्डांवरून चुकला. जादा वेळेत २९ यार्डांवरून पुन्हा चुकला. नेवाडा ३४–३१ ने जिंकले. दोन्ही किक सोप्या होत्या, हे खरेच. पण सतरा गुणांची आघाडी त्याने घालविली होती काय? त्या अर्ध्या सामन्यात जे निसटले त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. खापर फुटले ते एकाच डोक्यावर.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी ऑबर्न येथे अलाबामाचा संघ ३४–२८ ने हरला. त्यांच्या केड फॉस्टरचे तीन प्रयत्न वाया गेले होते. त्यांपैकी एक प्रतिपक्षाने अडविला होता. शेवटच्या सेकंदाला ५७ यार्डांची किक दुसऱ्याच गड्याने मारली. ती तोकडी पडली, आणि ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने चेंडू झेलून थेट दुसऱ्या टोकापर्यंत नेला. त्याच सामन्यात अलाबामाला केवळ एक यार्ड हवा असताना तो मिळाला नव्हता, हे लोक विसरले. फॉस्टरला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच्या पाठीवरचा क्रमांक ४३. अमेरिकेचे ४३ वे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला स्वहस्ते धीराचे पत्र लिहिले, ही त्यातली चांगली गोष्ट.

लक्षात घ्या, ही विद्यार्थी मुले होती. स्टेडियममध्ये ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक, दूरचित्रवाणीचा अमाप पैसा, अलाबामाच्या मुख्य शिक्षकाला वर्षाला पन्नास लाख डॉलरांहून अधिक पगार. आणि खेळाडूंना त्या वेळी फक्त शिष्यवृत्ती. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी संघटना करण्यासाठी मतदानही केले. पण २०१५ मध्ये तेथील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने या प्रकरणात अधिकार चालविण्याचे नाकारले, आणि त्या मतपत्रिका कधी मोजल्याच गेल्या नाहीत. पुढे २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करण्याची मोकळीक मिळाली, २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ लागली. हे योग्यच झाले. मात्र २०१८ नंतर राज्याराज्यांत खेळांवरचा सट्टा कायदेशीर होत गेला, आणि पैसे हरलेले लोक आता थेट खेळाडूच्या हातातल्या फोनवर शिव्याशाप पाठवितात. मोबदला वाढला, पण ओझे हलके झाले नाही.

कारखान्यात अपघात झाला की आरोपपत्र प्रथम कोणाला मिळते, हे आपणांस ठाऊक आहे. ज्याचा हात शेवटी यंत्राला लागला त्याला. यंत्राची देखभाल का झाली नाही, सलग दुसऱ्या पाळीला त्याला का थांबविले, हे प्रश्न चौकशीच्या पुढच्या पानावर, आणि पुष्कळदा ते पान निघतच नाही. यंत्रावरच्या हाताचा आणि किकरच्या पायाचा न्याय एकच आहे. त्याची चूक नाकारावयाची नाही; ती चूक एकूण हिशेबात तिच्या जागी मांडावयाची, एवढेच.

तसे मांडणारे लोक असतात. व्यावसायिक फुटबॉलमधील एक उदाहरण सांगतो. २७ जानेवारी १९९१ रोजी अजिंक्यपदाच्या सामन्यात बफलो शहराच्या संघाचा स्कॉट नॉरवुड ४७ यार्डांवरून, शेवटचे काही सेकंद उरले असताना, उजव्या बाजूला चुकला. बफलो २०–१९ ने, एका गुणाने हरले. हे कामकऱ्यांचे शहर. शेजारच्या लॅकावाना येथील प्रचंड पोलाद कारखाना १९८३ मध्ये बहुतांशी बंद पडलेला. हरणे काय असते ते तेथील लोकांना शिकवावे लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी शहराच्या चौकात हजारो लोक हरलेल्या संघाच्या स्वागताला जमले, आणि त्यांनी घोषणा सुरू केली, ‘आम्हांला स्कॉट पाहिजे!’ मागे उभा असलेला नॉरवुड पुढे आला. त्याचा कंठ दाटून आला होता. तरी तो लोकांशी बोलला.

किकरच्या मनावरचे दडपण त्याच्या शिक्षकाला थोडे कमी करता येते, त्याच्या श्वासाला थोडे. उरलेले त्या चौकात जमणाऱ्या माणसांच्या हाती असते.