ग्राहकाची नोंद अचानक दिसेनाशी झाली? सेल्सफोर्समध्ये घोडं कुठे अडतं, जाणून घ्या

कालपर्यंत उघडणारी ग्राहकाची नोंद आज उघडत नाही. स्क्रीनवर फक्त ‘इन्सफिशियंट प्रिव्हिलेजेस’ असा मेसेज. महिनाअखेरचं टार्गेट डोक्यावर असताना सेल्सच्या माणसाला पहिली भीती वाटते ती डेटा उडाल्याची. बहुतेक वेळा डेटा जागेवरच असतो, गेलेली असते ती परवानगी.

आधी ही चाचणी करा

ज्या सहकाऱ्याला नोंद दिसते, त्याच्याकडून तिची थेट लिंक मागवा. लिंकवरून नोंद उघडली, तर ती पाहण्याची परवानगी शाबूत आहे. यादीला लावलेला फिल्टर तपासा. नोंद उघडते पण फोन नंबरचा रकानाच गायब असेल, तर त्या रकान्याची परवानगी किंवा पेज लेआउट बघावा लागतो.

लिंकही उघडत नसेल, तर ॲडमिनला गाठा.

दोन कुलपं, दोन किल्ल्या

सेल्सफोर्स परवानगी दोन पातळ्यांवर तपासतं. पहिली प्रोफाइल आणि परमिशन सेटची : या कर्मचाऱ्याला ‘अकाउंट’ किंवा ‘लीड’ हा प्रकार मुळात पाहता येतो का? दुसरी त्या विशिष्ट नोंदीची. कंपनीने मूळ सेटिंग ‘प्रायव्हेट’ ठेवलं असेल, तर नोंद ज्याच्या नावावर आहे तो आणि उतरंडीत त्याच्या वर असलेले वरिष्ठ, एवढ्यांनाच ती सहसा दिसते. बाकीच्यांना शेअरिंग रूल, टीम किंवा कुणी स्वतंत्रपणे दिलेलं मॅन्युअल शेअरिंग लागतं.

खरी गोम या शेवटच्या प्रकारात आहे. नोंदीचा मालक बदलला की मॅन्युअल शेअरिंग आपोआप पुसलं जातं. म्हणजे एकाने नोकरी सोडली, त्याचे ग्राहक दुसऱ्याच्या नावावर गेले आणि तिसऱ्याच टेबलावर बसणाऱ्या बॅक ऑफिसच्या माणसाची नोंद बंद झाली! त्याचा या बदलीशी काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. त्यामुळे ‘मालक अलीकडे बदलला का?’ हा प्रश्न आधी विचारलेला बरा. नोंद कुणाला आणि कशामुळे दिसते, हे ॲडमिनला ‘शेअरिंग हायरार्की’मध्ये पाहता येतं. ‘युजर रेकॉर्ड ॲक्सेस’वर क्वेरी चालवली, तर त्या युजरला वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी आहे का, तेही कळतं.

‘सगळंच खुलं करा’ नको

घाईत ॲडमिन ‘व्ह्यू ऑल डेटा’ देऊन मोकळा होतो. तक्रार मिटते, पण त्या माणसाला कंपनीचे सगळे ग्राहक दिसू लागतात. परवानग्या सैल झाल्या तर काय होतं, हे खुद्द सेल्सफोर्सने १७ मे २०१९ रोजी अनुभवलं. पारडॉट या मार्केटिंग सेवेशी संबंधित एका डेटाबेस स्क्रिप्टमुळे अनेक कंपन्यांतल्या युजर्सना हवी त्यापेक्षा जास्त माहिती खुली झाली. शेवटी सेल्सफोर्सला अनेक सर्व्हरवरचा प्रवेशच बंद करावा लागला आणि ज्यांचा काही संबंध नव्हता, अशा कंपन्यांचंही काम ठप्प झालं. भारतात तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत हलगर्जी केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तक्रारीत काय लिहाल?

‘दिसत नाही, अर्जंट’ एवढ्याने ॲडमिनला काहीच कळत नाही. नोंदीची लिंक, तुमचं युजरनेम, एररचा स्क्रीनशॉट आणि नोंद फक्त पाहायची आहे की बदलायची आहे, एवढं पाठवा. नोंद शेवटची कधी उघडली होती, तेही लिहा. मालक त्यानंतर बदलला का, हे ॲडमिनला लगेच पडताळता येईल.