प्रकल्प लिहून झाला. आता बोलावयाचे कसे?

संशोधन-प्रकल्पाचा अहवाल बांधून हाती आला की काम संपले, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. वस्तुतः तो परीक्षकांपुढे मांडणे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हा संशोधनाचाच भाग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट ठेवल्यामुळे कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी याचा विचार आताच केलेला बरा.

या बाबतीत एक उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढे मे १९१७ मध्ये तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धांत सर्वपरिचित आहे. येथे आपण मांडणीपुरते पाहू.

पहिली गोष्ट मर्यादेची. विषय अफाट होता. परंतु जातीची उत्पत्ती, यंत्रणा आणि प्रसार एवढ्याचाच विचार करणार, हे आंबेडकरांनी आरंभीच सांगून टाकले. समजा, आपण आठवडी बाजारातील चाळीस भाजीवाल्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यावरून 'महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्री' असे बोलू लागलो, तर पहिल्याच प्रश्नाला आपण अडकणार. 'या बाजारातील या चाळीस जणींपुरते' असे म्हणणाऱ्याचे विधान लहान असते, पण ते टिकते.

दुसरी गोष्ट पूर्वीच्या अभ्यासकांची. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या आंबेडकरांनी पुढे ठेवल्या आणि मग त्या कोठे कमी पडतात ते दाखविले. केतकरांच्या चिकित्सक बुद्धीचा त्यांनी गौरव केला. तरीही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेरील विवाहाला बंदी, ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे स्पष्ट म्हटले. आदर आणि मतभेद एकत्र नांदू शकतात, हे यावरून ध्यानात यावे.

तिसरी गोष्ट मध्यवर्ती विधानाची. जातीअंतर्गत विवाहाचे बंधन हेच जातीचे सार, हे त्यांचे विधान. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांची चर्चा त्याच सूत्राला बांधलेली आहे आणि अखेरीस साऱ्या विवेचनाचे सार चार मुद्द्यांत दिले आहे. आपल्याला दहा मिनिटे मिळाली, तर प्रश्न काय होता, माहिती कशी जमविली आणि काय आढळले, एवढे क्रमाने सांगावे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवू नये. तो परीक्षकांनाही वाचता येतो.

आता प्रश्नोत्तरे. 'हाच बाजार का निवडला?' 'ज्या बोलल्या नाहीत त्यांचे काय?' असे प्रश्न येणारच. 'मार्गदर्शकांनी सांगितले' हे त्यावरचे उत्तर नव्हे. निवडीचे कारण आपल्यालाच सांगता आले पाहिजे. प्रश्न पुरता ऐकावा, न कळल्यास पुन्हा विचारावा. माहिती नसेल तर 'हे मी तपासलेले नाही' असे सरळ सांगावे. परीक्षकांनी खरी उणीव दाखविली, तर ती मान्य करून तिच्यामुळे निष्कर्ष कितपत बदलतो ते सांगावे. वाद घालण्यापेक्षा हे अधिक पटते.

आंबेडकरांच्या निबंधाचा शेवट या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचावा. आपला सिद्धांत अंतिम नाही, तो चूक ठरल्यास सोडून देण्याची आपली तयारी आहे, असे ते म्हणतात. जातीचे चटके ज्यांनी स्वतः सोसले होते, त्यांनी आपला अनुभव पुढे न करता युक्तिवाद पुढे केला आणि तोही तपासणीसाठी खुला ठेवला.

आपल्या प्रकल्पात गुणांखेरीज आणखी एक गोष्ट पणाला लागलेली असते. त्या चाळीस जणींनी ऐन बाजाराच्या वेळी गिऱ्हाईक थांबवून आपल्याशी बोलणे केले. त्या जे बोलल्या त्याहून एक शब्दही अधिक त्यांच्या तोंडी घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. परीक्षकांचे प्रश्न एका अर्थी त्यांच्याच वतीने विचारलेले असतात, हे ध्यानात ठेवले की प्रश्नांची भीती पुष्कळशी ओसरते.