गळाची मर्यादा आणि कावेरीचा महसीर

मत्स्यव्यवसाय हा भारतीय राज्यघटनेने राज्यांकडे सोपविलेला विषय आहे. त्यामुळे नदीत गळ कोणी टाकावा, कोणत्या महिन्यांत टाकावा आणि किती मासे घरी न्यावेत, हे ज्या त्या राज्याचे नियम ठरवितात. या नियमांचा पाया 1897च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने घातला. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे त्याने गुन्हा ठरविले, आणि जाळ्याच्या आसांचा आकार व बंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. हिमालयातील काही राज्यांत हौशी गळकऱ्याला परवान्यासोबतच दिवसाकाठी किती आणि केवढ्या लांबीचे मासे ठेवता येतील, हेही सांगितले जाते. लहान माशाला एकदा तरी प्रजननाची संधी मिळावी, हा त्यामागील साधा हिशेब होय.

बेंगळूरुपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, भीमेश्वरी, दोड्डमाकळी आणि गॅलिबोर या ठिकाणांजवळून वाहणाऱ्या कावेरीत ही मर्यादा शून्यावर आणली गेली होती. याच नदीचे पाणी 1974पासून बेंगळूरुच्या नळांना येते. परंतु तेथील माशाची कीर्ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. ब्रिटिश अंमलातील शिकारी कावेरीच्या महसीराला मोठा मान देत. 1946 साली व्हॅन इंगेन यांनी कबिनी या तिच्या उपनदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोग्रॅमचा, महसीर गळाला लावला होता. 1972 साली स्थापन झालेल्या 'वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया' या बेंगळूरुच्या संस्थेने नदीचा काही पट्टा सांभाळण्यासाठी घेतला. पुढे कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस या उपक्रमाने तेथे छावण्या चालविल्या. नियम एकच होता: मासा ओढावा, तोलावा, वहीत नोंदवावा आणि जिवंत सोडून द्यावा. गळकऱ्यांच्या पैशातून पहारेकऱ्यांचे पगार निघत. एके काळी सुरुंगाच्या दारूने मासे मारणाऱ्यांपैकीही काही जण या पहाऱ्यावर आले. शौकातून संरक्षणाचा खर्च निघावा, अशी ही व्यवस्था होती. आणि ती बरीच वर्षे चालली.

मात्र या व्यवस्थेत एक उणीव होती आणि तिचा संबंध महाराष्ट्राशी येतो. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात 1970च्या दशकात निळ्या परांच्या महसीराचे कृत्रिम प्रजनन साध्य झाले. हा मासा कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला. कर्नल साइक्स यांनी 1839 साली त्याचे वर्णन 'खुदरी' या नावाने केले ते पुण्याच्या परिसरातील नद्यांतील नमुन्यांवरून. महसीर घटत चालला आहे, तेव्हा त्याची बोटुकली नद्यांत सोडावीत, हा हेतू उदात्तच होता. त्यानुसार लोणावळ्याची बोटुकली कावेरीतही सोडण्यात आली. ती तेथे उत्तम रुजली.

परंतु कावेरीचा मूळ महसीर वेगळा आहे. त्याच्या पाठीला वशिंडासारखा उंचवटा असतो आणि परांवर नारिंगी छटा. व्हॅन इंगेन यांनी पकडलेला महाकाय मासा याच जातीचा मानला जातो. गॅलिबोर छावणीतील 1998 ते 2012 या काळातील नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा एक चमत्कारिक चित्र दिसले. तितक्याच श्रमांत गळाला लागणाऱ्या महसीरांची संख्या वाढत होती. पण वाढत होते ते निळ्या परांचे मासे. वशिंडाचा महसीर दुर्मीळ होत चालला होता. मासा मोजणाऱ्या नियमाला ही गोष्ट दिसली नाही. त्याच्या लेखी महसीर म्हणजे महसीर. मात्र त्या नियमानेच लिहविलेल्या वह्या नसत्या, तर हा ऱ्हास कोणाच्या ध्यानातही आला नसता, हेही मान्य केले पाहिजे.

दरम्यान कायद्यानेही वळण घेतले होते. 1987 साली हा प्रदेश कावेरी वन्यजीव अभयारण्य झाला. 1972च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 'प्राणी' या शब्दाच्या मूळ व्याख्येत माशांचा उल्लेख नव्हता. 2003पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो आला. केंद्र शासनाच्या मते गळ टाकणे ही शिकारच, मग मासा सोडून दिला तरी काय? 2012पासून अभयारण्यातील गळाची मासेमारी थांबली. अभयारण्यात शिकारीला अपवाद नको, हे तत्त्व चुकीचे म्हणता येणार नाही. तरीही बंदीबरोबर गळकऱ्यांचे शुल्क, त्यावर पोसलेला पहारा आणि वजनांच्या नोंदी हे तिन्ही संपले. चोरून सुरुंग लावणारा मात्र परवाना मागायला कधीच आला नव्हता.

वशिंडाच्या महसीराला शास्त्रीय नाव निश्चितपणे मिळाले ते 2018 साली, म्हणजे गळकऱ्यांनी त्याचे गोडवे गायला सुरुवात केल्यावर शतकाहून अधिक काळाने. मोयार नदीतील नमुन्यांच्या अभ्यासावरून तो 'टॉर रेमादेवी' असल्याचे ठरले. हे नाव केरळातील पांबार नदीच्या माशाला आधीच दिलेले होते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. त्याचे बीज तयार करावयाचे झाल्यास लोणावळ्याच्या अनुभवाचा उपयोग होण्यासारखा आहे. पण त्यासाठी आधी वयात आलेले नर-मादी जिवंत हाती लागावे लागतील आणि ज्या हातांना तो मासा पाहताक्षणी ओळखता येतो, ते हात बहुतेक करून कावेरीकाठच्या जुन्या गळकऱ्यांचे आणि त्यांच्या वाटाड्यांचे आहेत.