नेमातून आलेली गोडी

वसमत, औंढा नागनाथ, नर्सी हा नामदेवांचा मुलूख. मूल वाद्याकडे कसे वळते, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. काकड्याला, एकादशीला, सप्ताहात मोठ्यांच्या रांगेत उभे राहता राहता टाळ हातात येतो. हात बसला की कुणीतरी पखवाजापाशी बसवतो. हौस आहे का, हे त्या मुलाला कुणी विचारत नाही. काम नेमून दिलेले असते आणि गोडी मागाहून येते. आयुष्यभर वाद्याला चिकटून राहिलेल्या माणसांबद्दल आपण ‘उपजत ओढ’ म्हणून मोकळे होतो, पण माझ्या मते त्या ओढीच्या मुळाशी बहुतेकदा असा लहानपणीचा सार्वजनिक नेम असतो. गोव्यातल्या चर्चच्या सावलीत वाढलेल्या वादकांकडे पाहिले की ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

त्यांच्यातले ठळक नाव अँथनी गोन्साल्विस यांचे. त्यांचा जन्म १९२७चा, सासष्टीतल्या माजोर्डा गावचा. वडील गावच्या चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुख, म्हणजे घर आणि चर्च यांत संगीतापुरता तरी उंबरठा नव्हताच. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत. हातात व्हायोलिन येण्याआधी कागदावरचे स्वर तोंडाने म्हणता येणे, ही तिथली पहिली पायरी. दुसरी त्याहून अवघड: शेजारचा वेगळा स्वर लावत असताना आपला न सोडणे. रविवारची मिसा, गावचे फेस्त (उत्सव), लदाईन (सामुदायिक प्रार्थना), अंत्ययात्रा अशी वर्षभराची कामे ठरलेली असत आणि ती टाळता येत नसत. चुकलेला स्वर अख्ख्या गावाला ऐकू जाई. इतक्या लहान वयात इतकी जबाबदारी मिळालेल्या मुलाला वाद्य हा फावल्या वेळचा खेळ वाटणे शक्य नव्हते.

१९४३मध्ये गोन्साल्विस मुंबईत आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. चित्रपटसंगीताची तेव्हाची अडचण त्यांच्या शिक्षणाशी नेमकी जुळली. चाल संगीतकाराच्या गळ्यात किंवा पेटीवर असायची. ती अनेक वादकांत वाटून, लिहून, मोजक्या वेळात ध्वनिमुद्रित करायची तर कागद वाचणारी आणि लिहिणारी माणसे लागत. ती गोव्याने पुरवली. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, ‘अलबेला’तल्या (१९५१) वाद्यमेळात गोव्याच्या चिक चॉकलेट यांच्या ट्रम्पेटचा वाटा किती मोठा, हे जाणकारांना सांगायला नको. महाराष्ट्राने ज्या गाण्यांवर जीव टाकला, त्यांच्या पाठीमागच्या सुरावटींत गोव्याच्या गावांतली ही शिस्त आहे, आणि तिची पुरेशी नोंद आपण अजूनही घेतलेली नाही. वादकांची नावे श्रेयनामावलीत येत नसत. ‘अमर अकबर अँथनी’तल्या (१९७७) गाण्यात गोन्साल्विस यांचे नाव आले ते त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांच्या गुरुभक्तीमुळे, आणि तरीही असंख्य श्रोत्यांना ते काल्पनिक पात्राचे नाव वाटले.

यावर कुणी म्हणेल, गोव्यातले वादक पोटासाठी मुंबईत आले, त्यात प्रेम कुठले? पोट होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पोटापुरते वाजवणारा माणूस १९५८मध्ये ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा करत नाही. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचे गायन होते, आणि गोन्साल्विस यांच्या रचना होत्या, राग सारंगासारख्या रागांवर बेतलेल्या पण पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या. चित्रपटाला अशा रचनांची गरज नव्हती, गरज त्यांची स्वतःची होती. लिहिलेले वाजवणारा यांत्रिक होतो, असाही एक आक्षेप आपल्याकडे नेहमी निघतो. त्यालाही या रचना हेच उत्तर. स्वर लिहिता येत होते म्हणूनच त्यांना रागाचा विस्तार अनेक वाद्यांत वाटून पाहता आला. पुढे १९६५मध्ये ते चित्रपटसृष्टी सोडून अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले, आणि उत्तरायुष्यात माजोर्ड्याला परतले. गोव्यातच २०१२मध्ये त्यांचे निधन झाले.

सर्वांत गंभीर आक्षेप इतिहासाचा आहे. हे शिक्षण ज्या सत्तेबरोबर आले तिनेच इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आणले. १७३६च्या फर्मानाने लग्नकार्यातली स्थानिक गाणी-वाजवणीही निषिद्ध ठरवली. एका परंपरेचा गळा दाबून दुसरी शिकवली गेली, हे खरेच आहे, आणि स्वरलेखनाच्या फायद्याने त्या अन्यायाची भरपाई होत नाही. मात्र चर्च म्हणजे आपले सूर सोडणे, हा काही नियम नव्हे. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर अहमदनगरच्या परिसरात मराठी भजने आणि कीर्तने यांनाच उपासनेचे माध्यम केले. त्यामुळे मराठी चर्चमध्ये वाढलेल्या मुलाच्या कानावर ओवी-अभंगाचे वळण पडत राहिले. उलट दिशेचीही देवघेव आहे. आज वसमतच्या भजनी मंडळात जिच्यावाचून पान हलत नाही ती पेटी युरोपात घडलेल्या वाद्यातून आली, आणि ते वाद्य इथे रुजवण्यात मिशनऱ्यांचा हात होता. शिवाय प्यारेलाल चर्चमध्ये वाढलेले नव्हते. वडील रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रम्पेटवादक आणि शिक्षक. व्हायोलिन मात्र प्यारेलाल गोन्साल्विस यांच्याकडे शिकले. नेम धर्माबाहेरच्या घरातही पोचतो, पोचवणारा गुरू असला तर.

मग माजोर्ड्यात घडले ते आपल्या मुलखात का घडले नाही? नेम आपल्याकडेही होता. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेने १९१७पासून त्याला संस्थेचे रूप दिले. मुखोद्गत विद्येने आपल्याला हजारो अभंग आणि अस्सल पखवाजी दिले, तिची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. पण ती विद्या कागदावर उतरवून अनोळखी माणसापुढे ठेवण्याची सवय तिच्यात नव्हती. गोव्याचा तरुण मुंबईच्या स्टुडिओत पहिल्याच दिवशी समोरचा कागद वाचून वाजवू शके. निजामाच्या राज्यातल्या वसमतच्या तितक्याच तयारीच्या पखवाजीला मात्र आधी कुणीतरी ओळखीचा भेटावा लागे, शेजारी बसवून घेणारा. आजही शाळांतल्या संगीताच्या तासाला स्वरलेखन वाचणे शिकवता येईल आणि सप्ताहातला टाळही सुटणार नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, असे सांगणारा एकही पुरावा गोव्याच्या या इतिहासात मला दिसत नाही.